काटा मेला? आधी किलोमीटरचे आकडे बघा

नमस्कार मंडळी. मागे उभी आहे ती मारुती 800, कार्ब्युरेटरवाली. तक्रार एकच: स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलत नाही. गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटली, आता रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवायचंय, म्हणजे आरटीओत गाडी दाखवणं आलं. तिथे मेलेलं मीटर घेऊन जाऊ नका. चालू स्पीडोमीटर ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतलीच अट आहे.

"मीटरच बदलून टाका" हा सल्ला तुम्हाला कुठेही फुकट मिळेल. त्याआधी एक काम करा. गाडी दोन किलोमीटर चालवा आणि काट्याचा नाद सोडून किलोमीटरचे आकडे बघा. पुढे सरकले की नाही?

हे का विचारतोय, ते सांगतो. गिअरबॉक्सला एक छोटी प्लॅस्टिकची गरारी, म्हणजे दातांचं चाक, असते. तिथून केबल निघते ती थेट मीटरच्या पाठीत. केबलच्या आत पिळाची तार गोल फिरते आणि मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाला झाकून ॲल्युमिनियमची वाटी असते, काटा त्या वाटीच्या दांड्यावर. गंमत म्हणजे चुंबक आणि वाटी एकमेकांना टेकत नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत एडी करंट, म्हणजे विजेचे छोटे भोवरे, तयार होतात, वाटी त्याच्यामागे ओढली जाते आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. वेग वाढला की ओढ वाढते, काटा वर जातो. जर्मनीच्या ऑटो शुल्झने 1902 साली याचं पेटंट घेतलं. पद्मिनीत हेच, 800 मध्येही हेच.

किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकाच्या ओढीवर नाही, केबल फिरवते त्या चुंबकाच्या दांड्यावरून थेट दातांच्या चाकांनी फिरतात. म्हणून आकडे पळतायत आणि काटा मेलाय, तर केबलला हात लावू नका, दोष मीटरमध्ये. काटा चालतोय पण आकडे थांबलेत, तर मीटरमधलं छोटं प्लॅस्टिकचं चाक गेलंय. दोन्ही बंद? मग बहुतेक वेळा केबल, नाहीतर गिअरबॉक्सची गरारी. आणि काटा 40 ते 60 मध्ये थरथर नाचत असेल, तर केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी मुडपलीय.

आपल्या गाडीत दोन्ही बंद आहेत. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवलीय. क्लस्टरचे, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरच्या डब्याचे, स्क्रू काढून तो थोडा पुढे ओढला आणि मागून केबल सोडवली. जोर करू नका, जुनं प्लॅस्टिक कडकन तुटतं.

(केबलचं टोक कॅमेऱ्याजवळ)

हे टोक बघा. चौकोनी असायला हवं, याचे कोपरे घासून गोल झालेत. आता पुढचं एक चाक जॅकवर उचललंय, खाली स्टँड लावलाय, मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रलला. मित्र चाक हाताने फिरवतोय. तार फिरत नाही. गिअरबॉक्सकडून केबल सोडून तार ओढली... हे बघा, अर्धीच हातात आली. मधूनच तुटलीय.

लगेच नवी केबल टाकायला धावू नका. तार सहसा उगाच तुटत नाही. मीटर आतून जाम असेल, तर नवी तारही तशीच पिळून तुटेल. म्हणून जुन्या तारेचा तुकडा मीटरच्या भोकात घालून बोटांनी फिरवा. सहज फिरायला हवा आणि झटका दिला की काटा थोडा उडायला हवा. इथे जड लागतंय. चुंबकाचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. वाटीकडे तेल गेलं तर काटा आळशी होतो, मग त्याला औषध नाही.

मीटर तपासायला ड्रिल मशीनही चालतं. जपानी घराण्याच्या बऱ्याच मीटरमध्ये मिनिटाला 637 फेऱ्यांना काटा 60 वर येतो. ड्रिल उलटं फिरवून किलोमीटर कमी करायची आयडिया ज्यांना आत्ता सुचली, त्यांनी ती सोडून द्यावी. गाडी विकताना ती सरळ फसवणूक आहे.

नवी केबल पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधा. जुनी सोबत न्या, लांबी आणि दोन्ही टोकं जुळवून घ्या. तारेला पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडची वीतभर कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस तारेवरून चढत मीटरात शिरतं. जुन्या केबलला गिअर ऑइलचा वास येत असेल, तर गरारीचं ऑइल सीलही बदला. बसवताना वळण मोठं ठेवा, कुठे मुडपू देऊ नका.

शेवटी मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताडून बघा. मीटर थोडं जास्त दाखवत असेल तर चालेल. कमी दाखवत असेल तर टायर तपासा. 800 चा टायर 145/70 आर 12. बरेच जण त्याला अल्टोचा 145/80 घालतात. तो सुमारे पावणेसहा टक्के मोठा पडतो, म्हणजे काटा 60 वर असताना गाडी 63 च्या वर असते. त्यात केबलचा काही दोष नाही.