बबूनचं माउंट: सुरी लावण्याआधी ठरवायच्या गोष्टी

मंडळी, दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या देशांत शिकारीत मिळालेल्या चक्मा बबूनचं (तिथल्या एका मोठ्या माकडाचं) माउंट, म्हणजे कातडं टिकवून साच्यावर चढवलेला प्राणी, कसं निवडावं, हा आजचा विषय आहे. कुडू किंवा इम्पालाच्या बाबतीत जे निभावून जातं, ते इथे निभावत नाही. हरणाच्या चेहऱ्यात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी पाहणाऱ्याला खटकत नाही. बबूनचे डोळे मात्र समोर पाहणारे, चेहरा उघडा, हातांना नखांची बोटं. असा चेहरा आपण नकळत माणसाचा चेहरा वाचावा तसा वाचतो. त्यामुळे किरकोळ चूकही भेसूर दिसते किंवा हास्यास्पद. ज्याचा जीव आपण घेतला, त्याला हास्यास्पद करण्याचा हक्क आपल्याला मुळीच नाही.

बहुतेकांना फार उशिरा कळणारी गोष्ट आधी सांगतो. माउंटची मुद्रा, म्हणजे प्राणी कोणत्या ढबीत दाखवायचा, हे कार्यशाळेत बसून ठरवायचं नसतं. कातड्याला छेद कुठून द्यायचा, कोणती मापं घ्यायची, हातपाय कुठवर सोलायचे, हे सगळं मुद्रेवर अवलंबून असतं. एकदा छातीपुढून चुकीचा छेद गेला की पूर्ण आकाराच्या माउंटचा मार्ग जवळजवळ बंद होतो.

मग मुद्रा कोणती? माणसासारखी कुठलीच नको. प्राण्यांना माणसांच्या भूमिका देण्याची हौस युरोपात जुनी आहे. 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात जर्मन कारागीर हेरमान प्लुके यांचे असे देखावे गाजले होते. या हौसेची झळ वानरवर्गाला अधिक लागली. हातात तबक, तोंडात सिगारेट, डोक्यावर टोपी, हे प्रकार आजही मागितले जातात. टॅक्सिडर्मिस्टने, म्हणजे माउंट बनवणाऱ्या कारागिराने, ते सरळ नाकारावेत.

दुसरी मागणी म्हणजे उघडा जबडा आणि सुळे. नराचे सुळे पाच सेंटिमीटरपर्यंत भरतात, ते दिसावेत असं वाटणं मी समजू शकतो. पण बबून ते दाखवतो तणावात किंवा धमकावताना, जांभईसारखा जबडा फाकून, आणि तेही काही क्षण. धमकी देताना भुवया वर जाऊन पापण्यांची फिकट त्वचाही दिसते. हा क्षण कायमचा गोठवला की त्या जनावराच्या दिवसभराच्या जगण्यातलं दुसरं काही उरतच नाही. शिवाय तांत्रिक अडचण मोठी आहे. जीभ, टाळू, हिरड्या सगळं कृत्रिम बनवावं लागतं, आणि वाळताना ओठ मागे ओढला गेला की हिरडीशी फट पडते. मिटलेल्या तोंडात हा प्रश्नच येत नाही.

माझी पसंती खडकावर बसलेल्या बबूनला आहे: मिटलेलं तोंड, ढोपरांवर टेकलेले पुढचे हात, किंचित बाजूला वळलेली मान. एका हाताने मुळं उकरणारा किंवा चार पायांवर चालणारा बबूनही उत्तम. पण चाल दाखवायची तर ती बबूनचीच हवी. सावकाश चालताना त्याच्या हाताची बोटं जमिनीवर सपाट असतात आणि तळवा उचललेला असतो. चक्माची शेपटी बुडापासून वर जाते आणि मग मोडल्यासारखी खाली पडते. तिला गोल कमान दिली की जाणकाराला ते पहिल्या नजरेत कळतं.

खांद्यापाशी कापून भिंतीवर लावण्याचं माउंट बबूनसाठी मला पटत नाही. शिंगाच्या प्राण्याला ते शोभतं, इथे मात्र माणसाच्या अर्धपुतळ्याचा भास होतो. जागा कमी असेल तर फक्त कवटी ठेवावी. गोळीने चेहरा फाटला असेल किंवा कातड्याचे केस सुटले असतील तेव्हाही कवटीच योग्य. ती खळखळ उकळू नये. त्याने सुळ्यांना तडे जातात आणि चरबी हाडात मुरते. मंद आचेवर, उकळीच्या खाली ठेवून मांस सोडवा, मग साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढा, त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. क्लोरीनचं ब्लीच वापरलं तर हाड भुसभुशीत होतं. एकमुळी दात सुटून पडतात, म्हणून पाणी ओतण्याआधी गाळणी धरा.

आता पूर्ण माउंटकडे. हातमोजे आणि मास्क घालूनच काम करा. बबून आपल्या जवळचा प्राणी आहे, त्याचे काही रोग आपल्याला होऊ शकतात. सोलण्यापूर्वी चेहऱ्याचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरके फोटो काढा. तळहात, तळपाय आणि बसण्याच्या घट्ट्यांचेही काढा. हे घट्टे नरामध्ये मध्यभागी जुळलेले असतात आणि मादीत एकमेकांपासून सुटे, त्यामुळे ही जागा चुकून चालत नाही. मापांत नाकाचं टोक ते डोळ्याचा आतला कोपरा हे सर्वांत महत्त्वाचं. मग दोन डोळ्यांमधलं अंतर, मान, छाती आणि पोट यांचे घेर, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी. डोळ्याचा अख्खा गोळा काढून मोजा, नुसतं बुबुळ मोजून उपयोग नाही.

शक्य असेल तर चेहऱ्याचा साचा घ्या. केसांना व्हॅसलिन लावा, चेहऱ्यावर अल्जिनेट (ठसा घेण्याचा, घट्ट होणारा लेप) थापा, वरून प्लास्टरच्या पट्ट्यांचं कवच द्या. अमेरिकी टॅक्सिडर्मिस्ट कार्ल एकेली यांनी 1921 च्या मोहिमेत गोरिलांचे मृत्युमुखवटे याच कारणासाठी घेतले होते. कातडं एकदा निघालं की स्नायूंचा उठाव कुणाच्या आठवणीत टिकत नाही.

छेद पाठीवरून घ्यावा. बबूनच्या पोटाकडे केस विरळ असल्याने तिथले टाके उघडे पडतात, पाठीच्या दाट केसांत ते लपतात. हातापायांचा छेद तळव्यावर नको. केसाळ आणि उघडी त्वचा जिथे मिळते त्या रेषेने घ्या. बोटं शेवटच्या सांध्यापर्यंत उलटी करून सोला, नख शेवटच्या हाडासह कातड्यातच राहू द्या. ओठ, पापण्या आणि नाकपुड्या आतून चिरून उघडा, कान उलटे करा. घाई होते ती नेमकी इथे, आणि केसही इथूनच सुटायला लागतात, कारण जाड राहिलेल्या जागी मीठ पोहोचत नाही आणि जिवाणू पोहोचतात. कातड्याच्या वजनाइतकं बारीक, आयोडीन नसलेलं मीठ चोळा, उतारावर ठेवून पाणी निथळू द्या, एक दिवसाने ओलं मीठ झटकून पुन्हा ताजं लावा. गरम कातडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. काही तासांत चेहरा हातचा जातो.

कातडं ज्यावर चढवायचं ते फोमचे साचे तयार मिळाले तरी ते सरासरी मापाचे असतात. मोठ्या नराचे खांदे त्यात हमखास अरुंद पडतात, तिथे फोम कापून मातीने भर द्यावी लागते. काचेचे डोळे तपकिरी घ्या. माणसासारखा पांढराशुभ्र भाग दिसणारे डोळे साफ चुकीचे. वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेला किंचित झाकू द्या. पूर्ण गोल बुबुळ दिसलं की प्राणी घाबरलेला वाटतो. दोन्ही डोळ्यांची नजर एकाच बिंदूवर येते ना, हे चार पावलं मागे जाऊन पाहा.

वाळण्याच्या काळात खरी परीक्षा. उघड्या त्वचेचं आकसणं लपवायला केस नसतात. ओठ, पापण्या, बोटांची पेरं गोंदाने चिकटवून टाचण्यांनी धरा आणि पहिला आठवडा रोज दाबून बघा. साधारण तीन-चार आठवडे लागतात, पंख्याने घाई करू नका. बोटांच्या गाद्या हमखास बसतात, त्या इपॉक्सीने पुन्हा उभाराव्या लागतात.

वाळलेला चेहरा करडा-तपकिरी, चर्मपत्रासारखा दिसतो. जिवंतपणी तो जांभळट काळा असतो. रंग एका जाड थरात लावला तर मुखवटा दिसेल. पातळ थर एकावर एक चढवा, सुरकुत्यांत गडद, उंचवट्यांवर फिका. चमक फक्त नाकपुड्यांच्या कडेला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत ठेवा.

काम कुठे करून घ्यायचं हेही लवकर ठरवा. सर्व बबून साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये येतात, त्यामुळे निर्यात परवाना लागतो. कच्चं कातडं पाठवायचं तर डिप-अँड-पॅक, म्हणजे निर्जंतुक करून बांधणी, करावी लागते. अमेरिकेसारखे देश वानरवर्गाच्या अवयवांबाबत संसर्गाचा धोका नसल्याची वेगळी खात्री मागतात. शिकारीच्या देशातच माउंट पूर्ण करून घेतलं तर ही कटकट कमी होते, पण टॅक्सिडर्मिस्टने याआधी केलेल्या बबूनच्या चेहऱ्यांचे जवळून घेतलेले फोटो मागा. त्याच्या सिंहांचे आणि हरणांचे फोटो याबाबत काही सांगत नाहीत.