तमिळच्या घरातले पाहुणे शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या दगडी भिंतींवर राजराज चोळाच्या काळचे तमिळ शिलालेख आहेत आणि त्याच मंदिरात, जवळजवळ आठ शतकांनंतर, 1803 साली सरफोजीराजे भोसले यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरच्या गादीवर मराठी राजे होते. त्यांच्या दरबाराचे दप्तर मोडीत लिहिले जाई, त्याच मुलखात त्यागराज तेलुगूत कीर्तने रचत होते, आणि कावेरीकाठचा शेतकरी मात्र तमिळच बोलत होता. एवढ्या भाषांच्या शेजारात तमिळने आपले रूप कसे राखले, हा प्रश्न तंजावरशी नाते सांगणाऱ्या आपल्याला पडायलाच हवा.

त्याचे उत्तर मला तोल्काप्पियम् या तमिळच्या सर्वांत जुन्या उपलब्ध व्याकरणात सापडते. या ग्रंथाने शब्दांचे जे चार वर्ग केले, त्यांत आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या शब्दांना आणि ‘वडसोल’ म्हणजे उत्तरेकडच्या, संस्कृत शब्दांना स्वतंत्र स्थान दिले. अट एकच होती: उत्तरेकडच्या शब्दाने आपली अक्षरे सोडून तमिळ अक्षरांत यावे. जुन्या तमिळमध्ये शब्दाच्या आरंभी र किंवा ल चालत नाही, म्हणून राम ‘इरामन्’ झाला आणि कंबनाच्या काव्यात लक्ष्मण ‘इलक्कुवन्’ झाला. पाहुण्याने दारात पाय धुवावेत आणि मग खुशाल माजघरात यावे, अशी ही रीत आहे.

पुढे समुद्रमार्गे पोर्तुगीज शब्द आले. आपली चावी तिकडे ‘सावी’ आहे, तर खिडकीला ‘जन्नल्’ म्हणतात. दोन्ही शब्द मूळचे पोर्तुगीज. वकील, बाकी, राजीनामा हे फारसी-अरबी वळणाचे शब्द दोन्ही भाषांत नांदतात. ‘कच्चेरी’ची गोष्ट तर मला फार प्रिय आहे, कारण आपण जिथे अर्ज घेऊन जातो ती कचेरी आज तमिळमध्ये प्रामुख्याने गाण्याची मैफल झाली आहे.

हे सगळ्यांना रुचले नाही. 1916 च्या सुमारास शुद्ध तमिळची चळवळ उभी राहिली. तिचे अध्वर्यू स्वामी वेदाचलम् यांनी आपल्या नावापासूनच सुरुवात केली: वेद म्हणजे ‘मरै’, अचल म्हणजे ‘मलै’, स्वामी म्हणजे ‘अडिगळ’, आणि ते मरैमलै अडिगळ झाले. या चळवळीने भाषेला नवे शब्द घडवण्याची जी सवय लावली, तिचे मोल मी मोठे मानतो. परंतु शतकानुशतके घरात राहिलेल्या शब्दांना परके ठरवणे मला पटत नाही, कारण त्यांना तमिळ वळण तमिळ माणसांनीच दिले होते.

आज तमिळनाडूच्या बसस्थानकावर ‘पेरुंदु निलैयम्’ अशी ठसठशीत पाटी दिसते. पेरुंदु म्हणजे बस. घडवलेला आणि रुळलेला शब्द. त्याच पाटीखाली उभा असलेला प्रवासी फोनवर सांगतो, “नान् बस् स्टँडुल इरुक्केन्”, म्हणजे मी बस स्टँडवर आहे. शब्द इंग्रजी आहेत, पण ‘स्टँड’च्या शेवटी लागलेला उकार तमिळ आहे आणि त्यापुढचा ‘ल’ हा सप्तमीचा प्रत्ययही तमिळच आहे.