युरेका ते ऑस्टिन: सत्तर मैल

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात दोन चिमुकली गावं आहेत, युरेका आणि ऑस्टिन. ऑस्टिन म्हटल्यावर टेक्ससचं मोठं शहर डोळ्यांपुढे आणू नका. हे नेवाडातलं ऑस्टिन, जेमतेम दीड-दोनशे वस्तीचं. दोन्हींमधलं अंतर ७० मैल. पुन्हा सांगतो, ७० मैल, म्हणजे साधारण ११२ किलोमीटर.

रस्ता महामार्ग क्रमांक ५०. १९८६ साली ‘लाइफ’ मासिकाने नेवाडातल्या या पट्ट्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं. डोंगररांग ओलांडायची, सपाट खोरं लागतं, पुन्हा डोंगररांग. ऑस्टिनजवळची खिंड साडेसात हजार फुटांच्या घरात, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ. मधे गाव नाही, पेट्रोल पंप नाही. तेव्हा टाकी युरेकातच भरा. ऑस्टिनहून पश्चिमेला फॅलन तर आणखी ११० मैल! मोबाईलचा नकाशा नुसता तास सांगून मोकळा होतो. मुलांना शाळेत कागदी नकाशा वाचायला शिकवलाच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

या ऑस्टिनची एक गोष्ट मला सांगायचीच आहे. साल १८६४. चांदीच्या खाणींमुळे गाव नुकतंच भरभराटीला आलेलं, आणि देशात यादवी युद्ध पेटलेलं. गावात महापौराची निवडणूक होती. रूएल ग्रिडली नावाच्या किराणा दुकानदाराने पैज लावली: हरणाऱ्याने पन्नास पौंड पिठाची गोणी खांद्यावर घेऊन गावातून चालायचं. पन्नास पौंड, म्हणजे जवळजवळ तेवीस किलो. ग्रिडली डेमोक्रॅटिक पक्षाचा. निवडून आला रिपब्लिकन.

ग्रिडलीने शब्द पाळला. गोणीला झेंडे-फिती लावल्या, पुढे बँड, मागे अख्खं गाव, आणि हा पठ्ठ्या गोणी घेऊन मैलभर चालला. जिंकलेले आणि हरलेले एकाच मिरवणुकीत! निवडणुकीनंतर असंच व्हायला हवं. आपल्याकडे निकालानंतर वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात पाऊल न टाकणारी माणसं बघितली की जीव तुटतो.

असो. मिरवणूक संपली. आता गोणीचं काय करायचं? तिचा लिलाव करू, पैसे जखमी सैनिकांसाठी झटणाऱ्या सॅनिटरी कमिशनला देऊ, असं ठरलं. ज्याने विकत घेतली त्याने पैसे मोजले आणि गोणी परत दिली. पुन्हा लिलाव. पुन्हा परत. तीच गोणी, पुन्हा पुन्हा! मग दुकान मागे टाकून ग्रिडली तिला घेऊन निघाला. दीडशे मैलांपलीकडची व्हर्जिनिया सिटी, मग कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो, सॅन फ्रान्सिस्को, आणि पुढे थेट पूर्वेकडची शहरं. तेव्हा देश ओलांडणारी रेल्वेसुद्धा नव्हती. व्हर्जिनिया सिटीत त्या वेळी वार्ताहर होता मार्क ट्वेन, आणि ग्रिडली त्याचा शाळासोबती! त्या एका गोणीने लाखाहून अधिक डॉलर उभे केले. लक्षात घ्या, एक गोणी, लाखाहून अधिक डॉलर.

ग्रिडलीची मात्र तब्येत ढासळली, दुकान बुडालं. १८७० मध्ये तो गेला.

त्याच्या दुकानाची दगडी इमारत ऑस्टिनमध्ये अजून उभी आहे, आणि ती गोणी रीनोच्या नेवाडा हिस्टॉरिकल सोसायटीत जपून ठेवली आहे. मुलांकडे अमेरिकेला गेलात आणि त्या रस्त्याने जाणं झालं, तर दोन्ही जरूर बघून या.