माजघरातला कापूस

एरंडोल, धरणगाव, पारोळा. २०२३ च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या या पट्ट्यात कितीतरी घरांत पाय ठेवायला जागा नव्हती. माजघरात आढ्यापर्यंत कापूस, खाटा ओट्यावर, लेकरांच्या अंगाला खाज.

आदल्या हंगामात कापसाने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता. त्याआधीच विकून मोकळे झालेले वर्षभर हळहळले. नव्या हंगामात भाव ८,००० च्या आसपास आला, मग ७,००० कडे घसरला. हाच ८,००० चा भाव दोन वर्षं आधी मिळता, तर गावात पेढे वाटले असते. पण आता डोक्यात १०,००० बसले होते.

१९७४ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाबद्दल लिहिलं. आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच व्यवस्था. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ पाहिलेल्यांचा ४५ च्या. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता. तरी खुंटीला बांधलेलं जनावर दाव्याच्या लांबीएवढंच चरतं, तसं मन त्या आकड्याभोवती फिरलं.

इथे तर चक्रही नव्हतं. शेजाऱ्याच्या हातात पडलेले खरे पैसे होते. म्हणूनच शेतकऱ्याला हावरट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

त्यात पारावरची बैठक. कुणी विकायला निघाला की दहा जण म्हणणार, "थांब ना भाऊ, भाव वाढी." एकट्याने विकलं आणि भाव चढला, तर जन्मभर बोल. सगळ्यांसोबत थांबून पडला, तर निदान दोष एकट्याचा नाही.

तोवर कापूस वाळत होता, वजन घटत होतं. सोसायटीचं कर्ज, खतवाल्याची उधारी, आणि नवरा-बायकोत अबोला.

एका घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली. झोपायला जागा नाही. रात्री तिने ओट्यावर वडिलांना विचारलं, "अप्पा, आज घरात कापूस नसता आणि हातात तेवढे पैसे असते, तर त्या पैशांचा तुम्ही आजच्या भावाने कापूस घेतला असता का?"

अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. सकाळी त्यांनी व्यापाऱ्याला बोलावलं. अर्धा कापूस काट्यावर गेला. अर्धा अजून माजघरात होता.