‘चलती का नाम गाडी’ आणि मधला भाऊ

मंडळी, विषय ठरलाय ‘जुन्या हलक्याफुलक्या संगीतपटांतली स्टारकास्ट’, आणि मी एकच सिनेमा घेणारे, १९५८चा ‘चलती का नाम गाडी’. तुम्ही सगळ्यांनी बघितलेला आहे त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही, आणि गोष्ट तरी केवढी, गॅरेज, तीन भाऊ, थोरल्याला बायकांचं नावसुद्धा खपत नाही, पावसात एका मुलीची गाडी बंद पडते, पुढे के. एन. सिंग खलनायक. बास. तरी टीव्हीवर लागला की आपण हातातलं काम टाकून बसतो ना? ते त्या चौघांसाठी, अशोककुमार, अनूपकुमार, किशोरकुमार हे तीन सख्खे भाऊ आणि मधुबाला. नटांसाठी सिनेमा बघणं म्हणजे कमी दर्जाचं, असं म्हणणारे लोक मला भेटतात, त्यांना उत्तर द्यायला आज उभा आहे.

पण आधी एक गोष्ट बोलणारच, कारण ती मला फार लागलीय. मागे एका गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदकानं सांगितलं, ‘अशोककुमार आणि किशोरकुमार या दोन भावांचा हा सिनेमा’. दोन! अहो, अनूपकुमार कुठं गेला? आणि हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. खांडव्याच्या गांगुलींचा हा मधला मुलगा, १९२६चा, वर दादामुनी म्हणजे अशोककुमार, खाली किशोर, अशा दोघांमध्ये जन्माला आल्यावर माणसानं करायचं काय? त्यानं काय केलं ते बघा. किशोर उड्या मारतोय, थोरला डोळे वटारतोय, आणि मधे हा, सिनेमातला जग्गू, घाबरून उभा. तो घाबरतो म्हणून थोरल्याचा दरारा खरा वाटतो, आणि त्याचा चेहरा पडतो म्हणून किशोरचा आगाऊपणा दुप्पट उठून दिसतो. विनोदात समोरच्याला चेंडू देणारा लागतो हो, नाटकवाल्यांना विचारा! पुढच्या वेळी सिनेमा लावाल तेव्हा फक्त अनूपकडे बघा, तो दुसऱ्याचं बोलणं ऐकताना काय करतो ते बघा, मग आपण भेटून बोलू.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. बरं.

तर मुद्दा असा की या सिनेमात गाणी त्या माणसांना चिकटलेली आहेत, सुटी काढता येत नाहीत. ‘इक लड़की भीगी भागी सी’ घ्या, संगीतकार सचिनदेव बर्मनदादांनी ‘सिक्स्टीन टन्स’ या अमेरिकन गाण्यावरून सुचून चाल केली म्हणून लोक नाकं मुरडतात, पण ते खाणकामगाराचं जड गाणं इथं मध्यरात्रीच्या गॅरेजमधला खट्याळपणा झालं ते किशोरच्या अंगातल्या तालामुळं. किंवा ‘पाँच रुपैया बारा आना’, आशाताईंच्या आवाजात मधुबाला चांदण्यांबद्दल गातेय आणि किशोर मधेच घुसून दुरुस्तीचं बिल मागतोय, भाऊ मारेल म्हणतोय! गीतकार मजरूहनी लिहिलंय झकास, पण ती अस्सल धास्ती दुसऱ्या कुणाच्या तोंडावर आली असती असं मला तरी वाटत नाही.

मधुबालेबद्दल तासभर बोलायला हवं. दोनच वर्षांनी ती ‘मुघल-ए-आझम’मध्ये अनारकली म्हणून साखळदंडात दिसली, आणि इथं हसतेय, किशोर समोर आला की असं हसते की ते दिग्दर्शकानं सांगून आलेलं वाटत नाही. १९६०मध्ये दोघांनी लग्न केलं हे माहीत असल्यामुळं मला तसं वाटतं असं कुणी म्हणेल, म्हणू देत, तुम्ही ‘हाल कैसा है जनाब का’ आवाज बंद करून बघा.

आणि अशोककुमार. त्याचा ‘किस्मत’ सिनेमा कलकत्त्यात तीन वर्षांच्या वर चालला होता, एवढा मोठा स्टार, १९३६ साली स्वतःची गाणी स्वतः म्हणणारा माणूस. तो इथं बॉक्सिंग करतो, रागावतो आणि सगळी धमाल धाकट्याला करू देतो, कुठेही ओढाताण नाही. भावाभावांनी एकत्र सिनेमा करणं वेगळं आणि थोरल्यानं असं बाजूला सरकणं वेगळं, ‘बाबू समझो इशारे’मध्ये तिघं त्या खटारा गाडीत बसलेत तेव्हा ते मला सगळ्यात जास्त दिसतं. तिथं दादामुनी किती खुशीत आहेत! चला, पुढचे वक्ते थांबलेत.