बदली कोण?

(रात्र. नंदीध्वजाचा सराव.)

डिसेंबरची रात्र. जेवणं उरकून मंडळी बाहेर पडली आहेत. सिद्धेश्वरांची यात्रा जानेवारीत, संक्रांतीला. नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतली उंच, जड काठी. ती पेलण्याचा सराव मात्र यात्रेच्या कितीतरी आधी सुरू होतो. यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी पेललेले सात नंदीध्वज अख्खं सोलापूर पाहतं. साध्या शर्टातलं, घामेजलेलं हे रूप फारसं कुणी पाहत नाही.

काठी पेलणारा एकच. आता त्याच्या आजूबाजूला चालणाऱ्यांकडे पाहा. सगळ्यांच्या माना वर. काठी जरा कलली तर पुढे कोण होणार, हे कुणी कुणाला विचारत नाही.

(अक्कलकोट रोड एमआयडीसी. पहाट. कारखान्याच्या आत.)

टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल सोडलेला. दृश्य आम्ही मुद्दाम संथ केलं आहे. पहिले दोन आडवे धागे फणी थोडे अलीकडेच सोडते. तिसऱ्या धाग्याला ती पूर्ण आत येते आणि तिघांना एकदम रेटते. सैल धागा उचलला जातो, त्याचा फास होतो. अंगाला लागतो तो मऊपणा हाच.

असे जुने माग काढून इथे नवे, धोट्याशिवाय चालणारे रॅपिअर माग बसवायचे आहेत, तेही कारखाना चालू ठेवून. एका दाराने परदेशी ऑर्डरचे गठ्ठे बाहेर, दुसऱ्या दाराने भंगार. हा प्रकल्प ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. वेळ, खर्च, कामाची व्याप्ती हे तर प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापक सांभाळतो. काय बिघडू शकेल याची यादीही बहुतेकांकडे असते. बिघडल्यावर काय, याचं पान मात्र फायलीत शेवटी असतं आणि तिथवर कुणी पोचत नाही.

मॅडमनी तिथूनच सुरुवात केली. वही घेऊन खात्याखात्यात फिरल्या. वार्पिंग, सायझिंग, विणकाम, रंगाई, शिलाई. प्रश्न एकच: "तुमचं काम बंद पडलं तर किती वेळ चालेल?" या मुदतीला व्यवस्थापनाच्या भाषेत आरटीओ, रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह, म्हणतात. तेवढ्या वेळात काम पुन्हा उभं राहिलंच पाहिजे. हे ऐकून शिलाईतला एक जण म्हणाला, "आरटीओला तर मी परवाच जाऊन आलो मॅडम, लायसन्स काढायला." हशा पिकला. त्या दिवसापासून वहीत त्या रकान्याचं नाव "किती वेळ चालेल" एवढंच आहे. माझ्या मते तेच नाव बरं.

माग बंद पडण्याची भीती सगळ्यांना होती. उत्तरं निघाली वेगळीच. माग थांबले तर शेजारच्या कारखान्यात मजुरीवर माल विणून घेता येतो. ज्याला पर्याय नव्हता ते काम हे.

(बीम जोडणारे हात. जवळून.)

बीम संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या शेपटाला जोडायचा. हजारो धागे. यासाठी यंत्र मिळतं, पण इथे हे काम मामांच्या बोटांत आहे. अंगठा आणि तर्जनीत धागा वळतो, गाठ बसते, हात पुढे सरकतो. नजर चुकली तर डिझाइनमध्ये रेघ पडते.

"मामा, तुम्ही नसलात तर?"

"मी असतोच की मॅडम."

आमच्या चित्रीकरणातलं हे सगळ्यात छोटं संभाषण, आणि या प्रकल्पातली सगळ्यात मोठी जोखीमही हीच.

बदली हा शब्द या गावाला नवा नाही. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून तो इथल्या तोंडात आहे. कुणाचा खाडा पडला की गेटवर थांबलेला बदली कामगार आत जायचा. मिलमधला शब्द मॅडमनी सरळ उचलला. भिंतीवर तक्ता लागला: काम, माणूस, पहिली बदली, दुसरी बदली. मराठी, तेलुगू आणि कन्नड, तिन्ही लिप्यांत. कारण रात्रपाळीला दिवे गेल्यावर लॅपटॉपमधली साठ पानी इंग्रजी फाईल कोण उघडणार? जाड फाईल आणि शून्य सराव, असली नियोजनं मी बरीच पाहिली आहेत. व्यवसाय-सातत्याचं, म्हणजे संकटातही काम चालू ठेवण्याचं, आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 22301, पहिल्यांदा 2012 साली आलं आणि 2019 मध्ये सुधारलं गेलं. त्यातही सरावाला स्वतंत्र कलम आहे. लोक प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात आणि ते कलम विसरतात.

(गल्ली. दारापुढे निळी पिंपं.)

खरं तर सोलापूरकराला पर्यायी व्यवस्था शिकवायला नको. उजनीचं पाणी शंभरएक किलोमीटर लांबून येतं आणि नळाला रोज येत नाही. त्यामुळे घरातली बाई पाणी येणार नाही हे गृहीत धरूनच पिंप भरते. वरचं प्यायला, खालचं वापरायला, कशाला किती पुरेल याचा हिशोब तोंडपाठ. मॅडमनी रंगाई खात्यात तोच हिशोब मांडला. डिझाइनच्या फायलींचंही तसंच: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक कारखान्याबाहेर. बाहेरची प्रत त्यांच्या आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांखाली असते.

(मोबाइलवरचं चित्रण. सीना नदी, महामार्ग.)

सप्टेंबर 2025. हे ट्रकचालकाने स्वतः टिपलेलं दृश्य. सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबली. मुंबईच्या बंदराकडे निघालेला माल रस्त्यातच अडकला. ग्राहकाला त्याच दिवशी निरोप गेला: काय झालंय, माल कुठे आहे, पुढचा निरोप किती वाजता येईल. बोलणार एकच माणूस, हे आधी ठरलं होतं. मालक वेगळं, मॅनेजर वेगळं आणि ट्रान्सपोर्टवाला तिसरंच सांगतोय, असं झालं नाही. कोणता निर्णय कुणी, किती वाजता घेतला, हे वहीत पेनने लिहिलेलं आहे. माल उशिरा गेला, दंड भरावा लागला.

(बंद शटर. काळवंडलेली भिंत.)

याच औद्योगिक वसाहतीत 18 मे 2025 च्या पहाटे एका टॉवेल कारखान्याला आग लागली. 8 जण गेले.

(सरावाची रात्र. घंटा.)

कोणालाही न सांगता ठेवलेला सराव. रात्रपाळी. घंटा होते. मेन स्विच पाडायचा अधिकार पाळीच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, दिलेला आहे, मालकांना फोन न करता. तो हात उचलतो आणि थबकतो. इतक्या वर्षांची सवय आहे, विचारल्याशिवाय माग थांबवायचा नाही. मागून कुणीतरी ओरडतं, "पाड की रे!" माग थांबतात. कानांना ती शांतता जड वाटते.

सगळे मागच्या दाराकडे. दार आहे, कडीही निघते, पण समोर टॉवेलचे गठ्ठे रचलेले. कुणी रचले? उद्या सकाळी जायचा माल होता, जागा नव्हती, म्हणून रचले. मॅडमच्या हातातलं घड्याळ चालूच आहे. चौघं मिळून गठ्ठे ओढतात.

दुसऱ्या सरावाला दार मोकळं होतं. तिसऱ्याला पुन्हा दोन गठ्ठे. तेव्हा जमिनीवर पिवळा पट्टा मारला गेला.

(दुपार. मामा आणि एक तरुण मुलगी, मागापाशी.)

शिलाईतली ही मुलगी तीन आठवड्यांपासून जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर मामांशेजारी बसते. तिच्या गाठी मोठ्या येतात, फणीत अडकतात. मामा काही बोलत नाहीत. अडकलेला धागा तोडतात, टोक पुन्हा तिच्या हातात देतात. भिंतीवरच्या तक्त्यात मामांपुढच्या पहिल्या रकान्यात तिचं नाव आलंय, पेन्सिलीने.