पाणी ओढलेले इंजिन

(दृश्य : कुर्ला. गल्लीतील गॅरेज. टोइंगच्या गाडीवरून उतरवली जाणारी रुपेरी हॅचबॅक.)

टोइंगच्या गाडीवरून आता उतरवली जात असलेली ही रुपेरी मोटार काल रात्रभर हिंदमाताजवळ पाण्यात उभी होती. दारांच्या आतल्या बाजूला, आसनाच्या उंचीवर चिखलाची जी सरळ रेघ दिसते आहे, तिथपर्यंत पाणी चढले होते. कुर्ल्याच्या या गल्लीतील मेकॅनिक आलेल्या प्रत्येक मोटारीत आधी ही रेघ शोधतात आणि मग मालकाला एकच प्रश्न विचारतात : पाणी भरल्यावर तुम्ही गाडी चालू करून पाहिली होती का?

या प्रश्नाच्या उत्तरावर इंजिनाचे काय होणार ते ठरते. विम्याच्या दाव्याचे काय होणार तेही याच उत्तरावर ठरते, आणि ही दुसरी गोष्ट बहुतेक मालकांना गॅरेजमध्ये आल्यावरच कळते.

(दृश्य : उघडलेले बॉनेट. एअर फिल्टर बाहेर काढताना. फिल्टरमधून निथळणारे गढूळ पाणी.)

इंजिनाला इंधनाइतकीच हवेचीही गरज असते. बऱ्याच मोटारींमध्ये ही हवा आत घेणाऱ्या नळीचे तोंड समोरच्या जाळीच्या मागे असते; तिथून हवा एअर फिल्टरमधून गाळून सिलिंडरपर्यंत जाते. इंजिन चालू असताना पाणी या तोंडाशी पोहोचले, किंवा पुढून येणाऱ्या बसने उसळवलेली लाट तिथे आदळली, तर हवेबरोबर पाणीही आत ओढले जाते. सिलिंडरमधील पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे पिस्टनला वर सरकायला जागा उरत नाही, खालून क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचा, रेटा मात्र चालूच राहतो, आणि या दोहोंना जोडणारा, मध्ये सापडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी कधी तो तुटतो आणि इंजिनाच्या ब्लॉकलाच भोक पाडून बाहेर येतो.

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन कनेक्टिंग रॉड.)

डावीकडचा रॉड नवा आहे. उजवीकडचा रॉड अशाच एका मोटारीतून काढलेला आहे. मेकॅनिकने त्याला पट्टी लावून दाखवल्याशिवाय त्यातला बाक डोळ्यांना जाणवतही नाही, परंतु तेवढ्या बाकामुळे संपूर्ण इंजिन उतरवून उघडावे लागले.

ज्या मोटारी उभ्या असताना आणि बंद असताना पाण्यात गेल्या, त्यांची गोष्ट वेगळी आहे. पाणी त्यांच्यातही शिरते. तेलाची पातळी पाहायची ही पट्टी, डिपस्टिक, पाहा : इंजिन ऑइलचा रंग दूध घातलेल्या चहासारखा झाला आहे, म्हणजे तेलात पाणी मिसळले आहे. मात्र चावी फिरवलेली नसल्यामुळे आतील कोणत्याही भागावर आघात झालेला नाही. अशा मोटारीची बॅटरी आधी सोडवतात. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधील पाणी बाहेर काढले जाते, ऑइल आणि फिल्टर बदलले जातात, आसने आणि गालिचा उपटून वाळवला जातो आणि विजेच्या जोडण्या एकेक करून तपासल्या जातात. हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ आहे, पण त्यातून इंजिन वाचते.

(दृश्य : डॉ. आंबेडकर रोड, हिंदमाता. गुडघाभर पाण्यातून ढकलल्या जाणाऱ्या मोटारी. उड्डाणपुलावरून टिपलेले दृश्य.)

हिंदमाताचा परिसर सखल आहे आणि आजूबाजूच्या भागातील पाणी उतरून इथे येते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी चढते, पर्जन्यवाहिन्यांची तोंडे समुद्राच्या पाण्याखाली जातात, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला तर शहरातील पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेल्या होत्या; ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस करणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्ये तयार झाला. त्या योजनेला खरी गती आली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मिठी नदी कुर्ला आणि कलिन्याच्या वस्त्यांत शिरली, आणि काही माणसे बंद मोटारींमध्ये अडकून दगावली.

त्यानंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, इर्ला, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे पाणी उपसणारी केंद्रे उभी राहिली. हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्याही बांधल्या गेल्या. या कामांमुळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते, हे इथले दुकानदारही सांगतात. तरीही मोटारीच्या दृष्टीने पाहिले, तर पाणी किती वेळ राहिले यापेक्षा ते किती उंच चढले हे महत्त्वाचे असते.

(दृश्य : विम्याच्या पॉलिसीची पाने. बारीक अक्षरांवरून सरकणारे बोट.)

हा त्या रुपेरी मोटारीच्या विम्याचा कागद आहे. मालकांच्या समजुतीप्रमाणे हा ‘फुल इन्शुरन्स’ आहे, कारण विकणाऱ्याने त्यांना तसेच सांगितले होते. आपल्याकडील सर्वसमावेशक मोटार विम्यात आग, चोरी, भूकंप, वादळ, पूर आणि जलप्रलय यांमुळे होणारे नुकसान धरलेले असते. त्यामुळे उभ्या मोटारीत पाणी शिरून आसने, वायरिंग, बॅटरी किंवा इंजिन ऑइल खराब झाले, तर दावा मान्य होण्यास सहसा अडचण येत नाही. मात्र याच कागदावर थोडे पुढे एक अपवाद छापलेला आहे. आनुषंगिक नुकसान (मूळ नुकसानीमागून ओघाने झालेले), घसारा (वयामुळे घटलेली किंमत), झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड यांची भरपाई मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. पाण्यात अडकलेल्या मालकाने चावी फिरवली आणि रॉड वाकला, तर तो पुराने झालेला अपघात नसून चावी फिरवल्याचा परिणाम आहे, म्हणून ते आनुषंगिक नुकसान ठरते, अशी भूमिका विमा कंपन्या घेतात. हे वाद ग्राहक आयोगांपर्यंत जातात.

या नुकसानीसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे वेगळे कवच मिळते आणि त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. या चित्रफितीसाठी आम्ही ज्या मालकांशी बोललो, त्यांपैकी बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा गॅरेजमध्येच ऐकले. ज्या शहरात दर जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणी साचणे गृहीत धरले जाते, तिथे इंजिनाचे पाण्यापासूनचे रक्षण ही हौसेने विकत घ्यायची जादा वस्तू असणे आम्हाला मान्य नाही. मुंबईत नोंदलेल्या मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात ते मुळातच असले पाहिजे. तसे होत नाही तोपर्यंत किमान हा अपवाद पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत आणि मराठीत छापला गेला पाहिजे.

(दृश्य : सर्वेक्षक मोटारीभोवती फिरून छायाचित्रे काढताना. क्रमांकाची पाटी, चिखलाची रेघ, डॅशबोर्ड.)

नुकसानीची पाहणी करणारे विमा सर्वेक्षक आले आहेत. सर्वेक्षकाला विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि त्यांच्या अहवालावर दाव्याची रक्कम बव्हंशी ठरते. ते येईपर्यंत मोटारीचा कोणताही भाग सोडवायचा नसतो. म्हणून ही मोटार आली तशीच, चिखलासकट उभी ठेवली होती. मालकांनी पाणी असतानाच, क्रमांकाची पाटी दिसेल असे छायाचित्र मोबाइलवर काढले होते आणि त्याच रात्री कंपनीला कळवले होते. हे छायाचित्र आता सर्वेक्षकांच्या टिपणाला जोडले जात आहे. गॅरेजने दिलेला खर्चाचा अंदाज ते ओळीओळीने वाचतात, कोणता भाग बदलायचा आणि कोणता दुरुस्त करायचा ते ठरवतात, आणि मग इंजिन उघडायला परवानगी देतात.

अंदाजपत्रकातील आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते, कारण मधे घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी आणि टायर यांच्या किमतीतून ५० टक्के वजा होतात. काचेला घसारा नाही. धातूच्या भागांना मोटारीच्या वयाप्रमाणे कात्री लागते : दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाचव्या वर्षात ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या मोटारीला ४० टक्के. त्याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीच्या प्रत्येक दाव्यातून १००० रुपये मालकाने स्वतः सोसायचे असतात. ‘झीरो डेप’ घेतलेले असेल तर भागांवरचा घसारा टळतो, परंतु तेही पुन्हा वेगळे कवच आणि वेगळा हप्ता. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या घोषित विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर मोटार पूर्ण नुकसानीत धरली जाते आणि भरपाई त्या आयडीव्हीवरूनच ठरते. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता वाचवणाऱ्या मालकांना याच टप्प्यावर त्या बचतीची किंमत समजते.

रुपेरी मोटार सहा वर्षांची आहे. तिचे इंजिन उघडल्यावर दोन रॉड वाकलेले निघाले आणि इंजिनापुरता दावा नाकारला गेला.

(दृश्य : ताडदेव, प्रादेशिक परिवहन कार्यालयाबाहेरील रांग. एमएच-०१ क्रमांकाच्या पाट्या.)

मुंबईतील मोटार ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली येथे नोंदली जाते, आणि नोंदणीच्या वेळीच तिचा मोटार वाहन कर एकरकमी भरावा लागतो. पेट्रोलवर चालणाऱ्या खासगी मोटारीसाठी तो किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के, डिझेलच्या मोटारीसाठी १३ ते १५ टक्के आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. मुंबईकर मोटारमालक हा सगळा पैसा वेळेवर भरतो, कारण तो भरल्याखेरीज पाटीच मिळत नाही. कर राज्याच्या तिजोरीत जातो, पर्जन्यवाहिन्या महापालिका सांभाळते, आणि पाण्याने झालेल्या नुकसानीचा प्रश्न या दोघांपैकी कोणाच्याही खिडकीवर विचारता येत नाही. त्याच्यासाठी एक विमाच उरतो.

आणि पुष्कळ मोटारींना तोही नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्ती आहे ती फक्त तृतीय पक्ष विम्याची. तो रस्त्यावरच्या माणसासाठी आहे, आणि ती सक्ती योग्यच आहे. आपल्या मोटारीने कोणाला इजा झाली तर त्याची भरपाई त्यातून होते. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला त्याचा वार्षिक हप्ता ३४१६ रुपये आहे. मोटार जुनी झाली की अनेक मालक एवढाच विमा चालू ठेवतात. अशा मोटारीत पाणी शिरले, तर संपूर्ण खर्च मालकाचा.

(दृश्य : गॅरेजमधील बाकावर बसलेले मालक, हातात दोन बिले.)

सर्वसमावेशक विमा असूनही काही जण दावा करत नाहीत, त्याचेही कारण आहे. सलग दावारहित वर्षांसाठी स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होते आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचते. एक दावा केला की ती शून्यावर येते. गालिचा आणि ऑइलपुरते काम असेल तर घसारा वजा जाऊन मिळणारी रक्कम आणि गमावलेली सूट यांचा हिशेब आधी मांडावा, असे इथले मेकॅनिक मालकांना स्वतःहून सुचवतात. विमा विकणाऱ्याने तो हिशेब करून द्यायला हवा होता. विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले तरीही ही सूट जाते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नूतनीकरण राहून गेलेल्या मोटारीही या गल्लीत दरवर्षी येतात.

(दृश्य : तक्रारीच्या अर्जावर सही करताना मालकांचा हात. सांताक्रूझ पश्चिम, स्वामी विवेकानंद मार्ग.)

रुपेरी मोटारीच्या मालकांनी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज केला आहे. पाणी चढत असताना चालू मोटार आपोआप बंद पडली, नंतर चावी फिरवलेली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मागच्या मोटारीतील एका कॅमेऱ्याचे चित्रण त्यांनी सोबत जोडले आहे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर त्यांना एका वर्षाच्या आत विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या, सांताक्रूझच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जाता येईल. तिथे शुल्क लागत नाही आणि वकील देता येत नाही. मालकाने स्वतः उभे राहून आपली बाजू मांडायची असते. त्यासाठी पॉलिसीची प्रत, दावा नाकारल्याचे पत्र, सर्वेक्षकांचा अहवाल आणि पाण्यातील ते पहिले छायाचित्र असा संच त्यांनी तयार ठेवला आहे.